फोल्डर उघडला, पण कुणाकुणासाठी?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात कुणाला बोलायलासुद्धा सवड नसते. स्वयंपाकघरात चकलीची भाजणी, मागच्या पडवीत चिवड्याचे पोहे आणि बाहेरच्या खोलीत मी, माझा कॉम्प्युटर आणि ऑर्डरींची यादी! वाईत आम्ही नऊ जणी मिळून गेली बारा वर्षं मसाले, भाजण्या आणि दिवाळीचा फराळ करतो. बाकीच्या आठ जणींचे हात पिठात, माझे की-बोर्डवर. हिशोब ठेवणं, लेबलं छापणं, कुणाची किती मजुरी झाली ते काढणं ही कामं माझ्याकडे. ‘तुम्हाला कॉम्प्युटर येतो, तुम्हीच बघा’ म्हणून सगळ्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं आणि मीही ते मिरवलं. खोटं कशाला बोलू?

आता सांगते ती २०२५च्या दिवाळीतली गोष्ट. मैत्रिणींनो, गोष्ट कॉम्प्युटरची आहे म्हणून पान उलटू नका. ती तुमच्या आधार कार्डाची आणि पासबुकाचीही आहे.

आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याची नेहमीची मुदत संपणार होती आणि विंडोज ११ त्या जुन्या यंत्रावर चढेना. दसऱ्याला पुतण्या पुण्याहून आला. म्हणाला, ‘काकू, चांगला चालता कॉम्प्युटर भंगारात कशाला घालतेस? यावर लिनक्स टाकून देतो. फुकट असतं.’ फुकट म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणते? त्याने सगळ्या फायलींची आधी कॉपी काढली, लिनक्स टाकलं आणि ‘हिशोब’ नावाचा आमचा फोल्डर शेअर करून ठेवला. शेअर करणं म्हणजे फोल्डर एकाच यंत्रावर राहतो, पण घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून तो उघडता येतो. मी नुकताच नवा लॅपटॉप घेतला होता, त्यावर विंडोज ११. बेत असा, की फायली जुन्या कॉम्प्युटरवर राहतील आणि मी कुठेही बसून लॅपटॉपवर त्या उघडीन. त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर फोल्डर उघडून दाखवला. उघडला. मी खूश, तो पुण्याला!

माझ्या लॅपटॉपवर उघडून बघितलाच नव्हता, हे मला चार दिवसांनी कळलं.

त्या दिवशी सकाळी ऑर्डरींचा पाऊस. मी लॅपटॉप उघडला आणि पुतण्याने चिठ्ठीवर लिहून दिलेला पत्ता टाकला. उत्तर आलं, नेटवर्कवरचा मार्ग सापडत नाही. पुन्हा टाकला. तेच. विंडोजमध्ये नेटवर्कची खिडकी असते, तिथे बघितलं तर जुना कॉम्प्युटर दिसेचना. दुपारी पुतण्याशी फोनवर बोलणं झालं, तेव्हा उलगडा झाला. आदल्या रात्री लाइट गेले होते. लाइट आल्यावर वायफायच्या राउटरने घरातल्या यंत्रांना नव्याने नंबर वाटले आणि जुन्या कॉम्प्युटरचा नंबर बदलला. म्हणजे घर तेच, माणूस तोच, फक्त दारावरचा नंबर वेगळा! नवा नंबर टाकला तर लॅपटॉपने नाव आणि पासवर्ड विचारला. मी रोज लॅपटॉप उघडताना घालते तो चार आकडी पिन घातला. उत्तर आलं, परवानगी नाही.

तीनदा घातला, तीनदा नाही. तोवर पुतण्याला कामावर जायचं होतं, फोन बंद. दोन दिवस मी वहीत ऑर्डरी लिहिल्या. एक ऑर्डर दोनदा लिहिली गेली आणि एक राहूनच गेली. शेवटी बाजारातल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. तो आला, दोन्ही यंत्रांवर दहा मिनिटं खटाखट काहीतरी करत बसला आणि फोल्डर उघडला! ‘वहिनी, सगळं ओपन करून दिलंय. आता पासवर्डसुद्धा विचारणार नाही.’ मी त्याला चहा दिला, तीनशे रुपये दिले, वर चिवड्याची पुडी दिली. इतका आनंद झाला होता मला!

तो आनंद दोन दिवस टिकला. वरच्या खोलीत आमच्याकडे एक मुलगी भाड्याने राहते, कॉलेजात शिकते. वायफाय आमचंच वापरते. संध्याकाळी खाली आली आणि अवघडून म्हणाली, ‘काकू, रागावू नका हं. माझ्या फोनमधल्या फायलींच्या ॲपमध्ये नेटवर्क म्हणून तुमचा हिशोबाचा फोल्डर दिसतोय. चुकून उघडला. त्यात सगळ्यांची आधार कार्डं आहेत...’

माझ्या पोटात धस्स झालं.

त्या फोल्डरात काय नव्हतं? आठ जणींची आधार कार्डं, पासबुकांची पहिली पानं, कुणाला किती मजुरी, कुणी किती उचल घेतली, कुणाच्या उचलीपुढे ‘मुलाच्या फीसाठी’ आणि कुणापुढे ‘घरी सांगू नये’ असं मीच लिहिलेलं! आणि वायफायचा पासवर्ड? तो वरच्या मुलीकडे, शेजारच्या दोन पोरांकडे, आल्यागेल्या पाहुण्यांकडे. दुधाचे पैसे न्यायला येणाऱ्या मुलानेही एकदा मागून घेतला होता. दोन दिवस आमच्या बायकांचं सगळं उघडं पडलं होतं आणि मी ‘चालू झालं’ म्हणून चिवडा वाटत होते.

त्या रात्री मी जुना कॉम्प्युटर बंद केला. झोप काही लागली नाही.

दुरुस्तीवाल्या मुलाला मी दोष देत नाही. मी त्याला काय सांगितलं होतं? ‘बाबा, कसंही करून चालू कर.’ त्याने कसंही करून चालू केलं! कुलूप उघडत नाही म्हणून आपण सुताराला बोलवावं आणि त्याने दारच काढून न्यावं, तसं झालं. पण दार हवं की नको, हे त्याला मी सांगितलं नव्हतं. कारण दार नेमकं कुठे आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. ‘मला त्यातलं काही कळत नाही’ हे वाक्य आपण बायका किती सहज बोलतो! त्या वाक्याची किंमत या वेळी मी नाही, माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या आठ जणी मोजत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतण्याला फोन लावला. म्हटलं, ‘आज तू काही करू नकोस. मी करते, तू फक्त सांग.’ तासाभरात जे शिकले ते तुम्हाला सांगते, कारण ते इतकं घरगुती आहे की आपल्याला कळू नये असं त्यात काहीच नाही.

पहिली गोष्ट, कॉम्प्युटरने दिलेलं उत्तर नीट वाचायचं. आपण घाबरून खिडकी बंद करतो. पण ‘मार्ग सापडत नाही’ आणि ‘परवानगी नाही’ ही दोन अगदी वेगळी उत्तरं आहेत. पहिल्याचा अर्थ, तुम्ही त्या घरापर्यंत पोचलाच नाहीत. मग बघायचं, की दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर आहेत का? दुसरा कॉम्प्युटर चालू आहे की झोपलाय? त्याचा नंबर बदलला का? लिनक्समध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये तो नंबर दिसतो. विंडोजमध्ये फोल्डरच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन तो नंबर टाकायचा. नेटवर्कच्या खिडकीत जुना कॉम्प्युटर दिसत नाही म्हणून हताश व्हायचं नाही. लिनक्सवाला कॉम्प्युटर तिथे बऱ्याचदा दिसत नाही, पण नंबर टाकला की सापडतो. आणि हा नंबर रोज बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो कायमचा नेमून देता येतो. एवढं करूनही मार्ग सापडला नाही, तर फायरवॉल वाट अडवत असते. तिच्यात फक्त या कामापुरती परवानगी द्यायची. अख्खी फायरवॉल बंद करायची नाही.

दुसरं उत्तर, ‘परवानगी नाही’. याचा अर्थ तुम्ही दारात पोचलात, पण किल्ली चुकली. माझी नेमकी चूक इथे होती. लॅपटॉपचा पिन हा त्या लॅपटॉपपुरताच असतो. तो दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर चालत नाही. लिनक्सवरचा फोल्डर उघडायला लिनक्सकडचं नाव आणि पासवर्ड लागतो. त्यातही एक गंमत आहे. लिनक्समध्ये शिरायचा पासवर्ड वेगळा आणि शेअर केलेल्या फोल्डरसाठीची यादी वेगळी. त्या यादीत आपलं नाव घालून तिथला पासवर्ड निराळा द्यावा लागतो. पुतण्याने त्याचं नाव घातलं होतं, माझं नव्हतं. म्हणून त्याला दार उघडत होतं, मला नाही! शिवाय विंडोज कधीकधी जुना, चुकलेला पासवर्ड जपून ठेवतं आणि आपल्याला न विचारता तोच पुढे करत राहतं. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन तो पुसला की पुन्हा विचारणा होते.

किल्ली बरोबर असूनही अडलं तर? तर दोन कुलपं आहेत हे लक्षात ठेवायचं. एक शेअरिंगचं आणि दुसरं खुद्द त्या फोल्डरचं. घराचं दार उघडलं म्हणून कपाट उघडत नाही, तसंच. एकाने परवानगी दिली आणि दुसऱ्याने नाही, तर ‘नाही’च चालतं. दुरुस्तीवाले इथेच वैतागून ‘सर्वांना सगळे अधिकार’ देऊन मोकळे होतात.

आता या दोन निराळ्या यंत्रांचं आपसांत जमतं कसं? त्याचीही एक गोष्ट आहे. विंडोजचे कॉम्प्युटर फायलींची देवाणघेवाण एसएमबी नावाच्या बोलीत करतात. लिनक्सला ती बोली येत नव्हती. १९९२मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने ती बोली बोलणारा एक प्रोग्रॅम लिहिला आणि जगाला खुला करून दिला. त्याला नाव हवं होतं. एस, एम आणि बी ही अक्षरं ज्यात आहेत असा शब्द त्याने शब्दांच्या यादीत शोधला आणि निघाला ‘साम्बा’! आज माझ्या वाईतल्या खोलीत भाजणीचा हिशोब एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातो, तो या साम्बाच्या जिवावर. मला तर हे ऐकून फार बरं वाटलं. दोन यंत्रं एकमेकांचं ऐकत नाहीत, यात माझा बावळटपणा नव्हता. त्यांच्या बोली जुळवायला शिकल्या-सवरलेल्या माणसांनाही वर्षानुवर्षं खपावं लागलंय.

पण या बोलीच्याही जुन्या-नव्या आवृत्त्या आहेत. दुरुस्तीवाल्या मुलाने जाता जाता सगळ्यांत जुनी, पहिली आवृत्तीही सुरू करून ठेवली होती. ‘म्हणजे परत अडायला नको’ म्हणून. पुतण्याने हे ऐकलं आणि पलीकडून ओरडलाच. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला होता, तो या पहिल्या आवृत्तीतल्या फटीतून. दीडशेच्या वर देशांतले कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद केले आणि उघडायला खंडणी मागितली. इंग्लंडातल्या सरकारी इस्पितळांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ती फट बुजवायची सोय दोन महिने आधीच आली होती, पण पुष्कळांनी ती लावून घेतली नव्हती. त्याच वर्षी विंडोज १०च्या नव्या आवृत्तीत ही जुनी बोली आपोआप येणं बंद झालं. अलीकडच्या विंडोजच्या बऱ्याच आवृत्त्या बिनपासवर्डाच्या पाहुण्यालाही मुळातच अडवतात. म्हणजे माझा लॅपटॉप अडत होता तो माझ्या भल्यासाठी! आम्हीच त्याचा कान पिळून त्याला गप्प केलं.

तासाभरात आम्ही सगळं उलटं फिरवलं. बिनपासवर्डाचा प्रवेश बंद, जुनी आवृत्ती बंद. फोल्डर तीन केले. ऑर्डरी आणि लेबलं एकात, ती माझ्या भागीदारीण वहिनींनाही दिसतील. मजुरी-उचल दुसऱ्यात, ती फक्त मला आणि त्यांना, दोघींचे पासवर्ड वेगवेगळे. बायकांची कागदपत्रं तिसऱ्यात, तो फोल्डर शेअरच केला नाही. वायफायचा पासवर्ड बदलला आणि पाहुण्यांसाठी राउटरमध्येच वेगळं वायफाय काढून दिलं. त्याला आमच्या कॉम्प्युटरपर्यंत वाट नाही. वरच्या मुलीने स्वतःच येऊन तिच्या फोनवर आता काही दिसत नाही ना, ते दाखवलं. गुणाची पोर!

इथे गोष्ट संपवता आली असती. कुणाला काही कळलं नव्हतं. ‘कशाला सांगतेस, उगाच बोभाटा होईल’ असं आमचे हे म्हणाले. पण भाऊबिजेनंतर पैसे वाटायला सगळ्या जमल्या, तेव्हा मी सांगून टाकलं. हातपाय कापत होते. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर मावशी, लाडू वळण्यात ज्यांचा हात धरणारं कुणी नाही, त्या म्हणाल्या, ‘सांगितलंस ते बरं केलंस बाई. पण माझं आधार कार्ड तुझ्या कॉम्प्युटरात आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. मी तर तुला कागद दिला होता.’

मी निरुत्तर झाले. खरंच होतं ते. मावशींनी कागद दिला, मी त्याचा फोटो काढला, फोल्डरात टाकला. त्यांना विचारलं नाही, सांगितलं नाही. बँकेच्या कामासाठी एकदा लागला होता, पण मग पुढची कित्येक वर्षं तो तिथेच पडून! दुरुस्तीवाल्याने फोल्डर सर्वांना उघडा केला हे खरं. पण त्या फोल्डरात दुसऱ्यांच्या चीजवस्तू न विचारता साठवणारी मीच होते. ही चूक कुठल्याही पासवर्डाने निस्तरत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. गावोगावी आज बचत गट आहेत, गृहोद्योग आहेत, भिशी आहे, शिकवण्या आहेत. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एक ‘कॉम्प्युटर येणारी’ बाई असते आणि तिच्या यंत्रात पंधरा-वीस जणींचं आयुष्य साठलेलं असतं. ती बाई तुम्ही असाल, तर यंत्र चालू राहणं ही अर्धीच जबाबदारी झाली. कुणाला काय दिसतं, हे तुम्हाला ठाऊक असणं ही उरलेली अर्धी. दुरुस्तीवाला आला की ‘चालू झालं का?’ एवढंच विचारू नका. ‘काय बदललंत? आता हे आणखी कुणाला दिसेल?’ असं विचारा आणि वहीत लिहून घ्या. पुतण्या असो की भाचा, त्याला करू द्या, पण शेवटी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या यंत्रावर उघडून बघा. आणि मग घरातला दुसरा एखादा फोन घेऊन, पासवर्ड न देता उघडतंय का, तेही बघा. उघडलं, तर दुरुस्ती झालेली नाही.

आणि ती बाई तुम्ही नसाल, तर विचारायला लाजू नका. ‘ताई, माझं आधार कार्ड कुठे ठेवलंय? अजून लागतंय का?’ यात अविश्वास नाही. तो तुमचा हक्क आहे. २०२३मध्ये आपल्या देशात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. तोवर थांबायचीही गरज नव्हती, एवढी साधी रीत आहे ही. शेजारणीचं पातेलं आणलं तर आपण ते घासूनपुसून परत करतो. मग तिचा कागद का नाही? आधारची प्रत द्यायचीच झाली, तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार मिळतं. जिथे ते चालत असेल, तिथे तेच द्या.

आम्ही त्या दिवशी सगळ्यांच्या समोर बसून नको असलेली कागदपत्रं पुसून टाकली. प्रत्येकीने आपापली खात्री करून घेतली. कॉम्प्युटरशेजारी आता एक वही टांगलेली असते. कुठला फोल्डर कुठे, तो कुणाला दिसतो, कधी काय बदललं, हे त्यात मराठीत लिहिलेलं. पासवर्ड मात्र त्यात नाहीत. ते माझ्या आणि वहिनींच्या कपाटात, ज्याचे त्याच्या कुलपात. आणि मावशी? त्या आता दर महिन्याला पैसे घेताना न चुकता विचारतात, ‘काय गं, माझं काही नाही ना उघड्यावर?’

मी हसून ‘नाही’ म्हणते. पण उत्तर देण्याआधी एकदा जाऊन खरंच बघून येते. तुमच्याही घरात असा एखादा फोल्डर असेलच. दुपारची कामं आवरली की आज एकदा बघा बरं, तो कुणाकुणासाठी उघडा आहे!